पाचवी टाकी

१

टापटीपने जमिनीत भोकं पाडायच्या गिरमिटाच्या पात्यावरची माती काचेच्या बाटलीत भरली, झाकण लावायच्या आधी वास मोजायचं यंत्र तिच्या तोंडाशी धरलं, आणि यंत्राने अशी बोंब ठोकली की भिंतीवर झोपलेलं मांजर उडी मारून पलीकडच्या गॅरेजात पळालं.

"पेट्रोल," टापटीप म्हणाला. "माफ करा आप्पा. मागच्या खेपेला निघालं तेच."

या माणसाचं खरं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. जमिनीतून मातीचे नमुने काढणं हा त्याचा धंदा, आणि तो इतका स्वच्छतेचा भोक्ता की सगळे त्याला टापटीपच म्हणत. आजही कोपऱ्याशी येईपर्यंत गिरमिटाचं इंजिन धापा टाकायला लागलं होतं, तेव्हा त्याची तहान भागवून, हातमोजे बदलून, पातं लख्ख पुसून मगच त्याने हे शेवटचं भोक पाडलं होतं. अशा माणसाच्या कामात खोट काढायची कुणाची टाप नव्हती.

आप्पा मात्र विटांच्या ढिगावर बसले. याच जमिनीवर त्यांचा पेट्रोल पंप होता. बंद होऊनही त्याला बरीच वर्षं झाली. या वर्षी टाक्या उकरून काढल्या, वर्षानुवर्षं ठिबकून काळी पडलेली माती ट्रक भरभरून विल्हेवाटीला पाठवली, खड्ड्याचा तळ तपासला, तो स्वच्छ निघाला. मग टेकडीवरची तांबडी माती आणून खड्डा दाबून भरला. आता इथे सूनबाईंचं पाळणाघर उभं राहायचं होतं. राहिली होती ती एकच शेवटची तपासणी. तीत फाटकाजवळची माती स्वच्छ, मधली स्वच्छ, दोन्ही कडांची स्वच्छ, आणि मागच्या कोपऱ्यात पेट्रोल. एकदा नव्हे, दोनदा.

स्वच्छ खड्ड्यात भरलेल्या स्वच्छ मातीत पेट्रोल आलं कुठून? याचं उत्तर प्रत्येकाच्या ओठावर होतं. कोपऱ्याच्या पलीकडे, भिंतीला लागून, आणखी एक टाकी असणार. गळकी. आप्पांनी न सांगितलेली.

"चारच होत्या," आप्पा म्हणाले.

"आप्पा, नीट आठवा," मुलगा म्हणाला.

या 'नीट आठवा'मागे बराच इतिहास होता. गेल्या काही महिन्यांत आप्पांनी एकाच सकाळी दोनदा दूध आणलं होतं. स्कूटर बाजारात ठेवून चालत घरी आले होते आणि संध्याकाळी ती चोरीला गेली म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. तेव्हापासून स्कूटरची किल्ली मुलाच्या खिशात असे, आणि पुढच्या आठवड्यात त्याने विसराळूपणाच्या डॉक्टरांची वेळही घेऊन ठेवली होती. जो माणूस स्कूटर विसरतो तो टाकीही विसरू शकतो, असा त्याचा साधा हिशोब.

सूनबाई त्याच्यासारखी बोलली नाही. ती आप्पांच्या शेजारी विटांवर टेकली आणि हळूच म्हणाली, "आप्पा, असेल तर सांगून टाका. मी रागावणार नाही. पण खात्री नसलेल्या जमिनीवर मी लोकांची पोरं रांगायला सोडणार नाही."

ती रागावली असती तर आप्पांना बरं वाटलं असतं.

दुपारी ते पलंगावर डोळे मिटून बसले आणि टाक्यांची झाकणं आठवू लागले. रोज सकाळी पंप उघडला की ते एकेक झाकण काढून, आत लाकडी मोजपट्टी सोडून पेट्रोल मोजत. ती मोजपट्टी अजून घरात होती. सूनबाई तिने उंच दोरीवर कपडे वाळत घाली. लाल झाकण. पिवळं. हिरवं. निळं, ज्याची कडी मोडली होती. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. लाल, पिवळं, हिरवं, निळं. असं किती वेळ चाललं कोण जाणे, पण शेवटी निळ्याच्या पलीकडे, भिंतीच्या सावलीत, त्यांना आणखी एक झाकण दिसलं.

त्याला रंग नव्हता.

२

दुसऱ्या दिवशी माती तपासणी कार्यालयाच्या बाई आल्या. ठेंगण्या, हातात छत्री, पायात गमबूट. कार्यालयात त्यांना त्यांच्या मागे पुन्हाबाई म्हणत, कारण त्या प्रत्येक गोष्ट पुन्हा करायला लावत. त्यांना हे ठाऊक होतं आणि त्याचा थोडा अभिमानही होता.

आप्पांचा हात सवयीने पँटच्या मागच्या खिशाकडे गेला. तिथलं फडकं काढून त्यांनी हात पुसले, ते परत खोचलं आणि मग नमस्कार केला. पंप गेला तरी फडकं गेलं नव्हतं. सूनबाई ते धुऊन रोज पँटबरोबर ठेवत असे.

"किती टाक्या?" बाईंनी विचारलं.

"चार."

"पुन्हा सांगा."

"चार," आप्पा म्हणाले, पण या वेळी आवाज खाली गेला. बाईंनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

मग त्यांनी कोपऱ्यातल्या दोन्ही बाटल्या मागवल्या. एक वरच्या मातीची, एक खोलवरची. एका कागदावर दोन्हीतली माती ओतली, बोटाने पसरली आणि खुशाल हुंगली.

"आप्पा, तुम्ही हुंगून बघा."

"मला काही कळणार नाही बाई. सगळा जन्म पेट्रोलात गेला. मासळीवाल्याला मासळीचा वास येतो का? मला घरचे सांगतात तेव्हा कळतं."

"वरच्या मातीत जेवढं पेट्रोल, तेवढंच खालच्या मातीत," बाई म्हणाल्या. "मागच्या खेपेचा प्रयोगशाळेचा अहवालही तेच सांगतो. गंमत आहे." त्यांच्या चेहऱ्यावर गंमत वगैरे काही दिसत नव्हती. त्या टापटीपकडे वळल्या. "खड्डा उघडा होता तेव्हा तळाची माती तुम्हीच घेतलीत?"

"मीच. खुरप्याने. तेव्हा गिरमिटाची गरज नव्हती. आता माती दाबून बसवलीय, खुरपं तिला दाद देत नाही."

"आणि भोकं कुठल्या क्रमाने पाडता?"

टापटीपने दुखावल्यासारखं पाहिलं. स्वयंपाकिणीला मीठ घालता का विचारावं तसं झालं होतं. "आधी स्वच्छ जागा, संशयाची शेवटी. नाहीतर घाण एका भोकातून दुसऱ्या भोकात जाते. दर भोकाला नवे मोजे, पातं धुऊन, पुसून. आमचा पहिला नियम आहे बाई तो."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा. तसूभरही फरक नाही."

"हं," पुन्हाबाई म्हणाल्या आणि छत्री उचलून चालू लागल्या. जाता जाता मागे न वळता म्हणाल्या, "आप्पा, चला. ज्यांनी हे केलं असू शकेल त्यांना भेटू."

म्हणजे कुणीतरी केलं होतं. आप्पांच्या जिवात जीव आला आणि लगेच परत गेला, कारण त्या यादीत बहुधा पहिलं नाव त्यांचंच होतं.

३

ठेकेदार पोकलेनच्या सावलीत डबा खात होता. माणूस अवाढव्य, पण बाईंना बघून त्याने घास तसाच गिळला.

"लोक म्हणतात, ट्रकच्या फेऱ्या वाचवायला तुम्ही थोडी घाण माती खड्ड्यातच ढकललीत," बाई म्हणाल्या.

"लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार! अहो बाई, शेवटची तपासणी होणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला मला काय वेड्या कुत्र्याने चावलंय?"

"घाण माती कशी दिसत होती?"

"काळी. डांबरासारखी. ट्रकमध्ये भरताना डोळे चुरचुरायचे."

बाईंनी कागदाची पुडी उलगडली. आप्पांनीही वाकून पाहिलं. टेकडीची माती, तांबडीलाल, तिच्यात काळा कण औषधालाही नव्हता.

"जेवा तुम्ही," बाई म्हणाल्या.

तिथून त्या शेजारच्या गॅरेजात गेल्या. गॅरेजवाल्याचं आणि आप्पांचं भिंतीवरून एके काळी इतकं वाजलं होतं की दोघं अजून एकमेकांशी हवापाण्याखेरीज बोलत नसत. शिवाय ही जागा त्याला स्वतःला हवी होती, हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. मागची भिंत त्याची, कोपरा भिंतीला लागून, आणि दिवसभर तो इंजिनाचे सुटे भाग पेट्रोलात धुतो. आप्पांना खात्री वाटू लागली. खरं सांगायचं तर त्यांना तशी खात्री वाटायला फार हवी होती.

"धुतलेलं पेट्रोल कुठे टाकता?" बाईंनी विचारलं.

गॅरेजवाल्याने कोपऱ्यातलं पिंप दाखवलं. "भंगारवाला नेतो. खोटं कशाला बोलू, आधी मी भिंतीपाशी ओतायचो. आप्पांनी तेव्हा माझी आईबहीण काढली. त्यानंतर थेंब नाही."

बाईंनी पिंपाचं झाकण उचललं. आतला ऐवज काळाकुट्ट, तेलकट. मग त्यांनी फळीवरचा एक धुळकट डबा उचलला, हुंगला आणि नाक मुरडलं. "हे कधीचं?"

"ते होय? कुणाच्या तरी गाडीतून काढलेलं जुनं पेट्रोल. दोनेक वर्षं पडलंय. मेलेलं आहे ते, वास बघा ना, शिळ्या रंगासारखा येतो. त्याच्यावर शिलाईचं मशीनही चालणार नाही."

"शिलाईचं मशीन पेट्रोलवर चालत नाही."

"तेच म्हणतोय मी," गॅरेजवाला म्हणाला. मग त्याने आप्पांकडे पाहिलं. बऱ्याच वर्षांनी सरळ पाहिलं. "आप्पा, तुम्हाला वाटतं मी ओतलं? चांगलं पेट्रोल जमिनीला पाजायला मी काय संस्थानिक आहे? आणि तिथे पोरं खेळणार आहेत हो."

आप्पांची मान खाली गेली. त्यांना स्वतःची लाज वाटली. काळी माती नाही, काळं तेल नाही. ठेकेदार सुटला, गॅरेजवाला सुटला. उरलं कोण?

रस्त्यावर आल्यावर ते थांबले.

"बाई, लिहून घ्या. पाचवी होती."

४

पुन्हाबाईंनी छत्री बंद केली.

"होती?"

"असेल. मला काल झाकण दिसलं. भिंतीच्या सावलीत. रंग आठवत नाही, पण दिसलं." आप्पांनी फडक्याने कपाळ पुसलं. "मी दूध दोनदा आणतो. स्कूटर विसरतो. मुलगा म्हणतो ते खरं असणार. खणून काढा एकदाची. पोरीचं पाळणाघर माझ्यापायी अडायला नको."

"त्या टाकीत मोजपट्टी घातलेली आठवते?"

"नाही."

"टँकर येऊन ती भरून गेलेला?"

"नाही."

"मग ती टाकी नव्हे आप्पा, ती भीती आहे." बाईंचा आवाज मऊ नव्हता, पण त्या हे बोलल्या आणि आप्पांना एकदम रडू आलं. भर रस्त्यात, दुपारच्या उन्हात. बाई दुसरीकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांना रडण्यापुढे काय करायचं ते कळत नसे.

"उद्या सकाळी सगळ्यांना बोलवा," त्या शेवटी म्हणाल्या. "तपासणी पुन्हा करायची."

"पुन्हा? दोनदा तेच निघालं बाई."

"म्हणूनच. एकच चूक दोनदा केली की ती खरी वाटायला लागते."

५

सकाळी सगळे हजर झाले. ठेकेदार, भिंतीवरून डोकावणारा गॅरेजवाला, हाताची घडी घातलेला मुलगा, सूनबाई. टापटीप गिरमिट घेऊन फाटकाकडे निघाला.

"तिकडे नाही," पुन्हाबाई म्हणाल्या. "आज मागच्या कोपऱ्यापासून सुरू करा. फाटक शेवटी."

"उलटं?" टापटीपचा चेहरा पडला. "बाई, संशयाची जागा आधी घेतली तर बाकी सगळं बाटेल. नियमात बसत नाही."

"पाप माझ्या माथी. बाकी सगळं तुमच्या पद्धतीने. एकही गोष्ट बदलू नका."

गिरमिट सुरू झालं. तांबडी माती वर आली, बाटलीत गेली. टापटीपने वास मोजायचं यंत्र बाटलीच्या तोंडाशी धरलं. आप्पांनी डोळे मिटले.

काहीच ऐकू आलं नाही.

त्यांनी डोळे उघडले. टापटीप यंत्र झटकत होता. पुन्हा धरलं. यंत्र मुकं. त्याने आणखी खोलवरची माती काढली, तीही स्वच्छ. जिथे दोनदा पेट्रोल निघालं होतं तिथल्या मातीला पावसात धुतल्यासारखा कोरा वास येत होता, असं सूनबाई म्हणाली.

"उडून गेलं?" मुलाने विचारलं.

"पुढे चला," बाई म्हणाल्या.

कडा स्वच्छ. मधली जागा स्वच्छ. राहिलं फाटक, जे दोन्ही वेळा निर्मळ निघालं होतं. टापटीपने तिथे पोचल्यावर आपली तयारी केली, भोक पाडलं, माती बाटलीत भरली आणि यंत्र धरलं. यंत्राने बोंब ठोकली.

"म्हणजे टाकी फाटकाखाली आहे?" मुलगा म्हणाला.

ठेकेदाराला हसू आवरेना. पुन्हाबाई मात्र हसल्या नाहीत, त्यांनी छत्रीचं टोक जमिनीत रोवलं.

"टाकी फाटकाखाली नाही आणि कोपऱ्यातही नाही. पेट्रोल जमिनीत नाहीच आहे. जमिनीखालून गळती असती तर खाली जास्त लागलं असतं, वर कमी. वरून कुणी ओतलं असतं तर उलट. इथे वरखाली सारखंच. घाण माती मिसळली असती तर काळी दिसली असती. गॅरेजचं असतं तर तेलकट असतं. आणि आप्पांच्या टाकीतलं असतं तर इतक्या वर्षांत त्याला त्या डब्यातल्यासारखा शिळा वास आला असता. या मातीतलं पेट्रोल ताजं आहे, परवा पंपावरून आणावं इतकं. खुरप्याने माती घेतली तेव्हा ते नव्हतं. गिरमिट आलं आणि ते आलं. मग मी एवढंच विचारलं, की जागेत काही वेगळं नसेल तर त्या भोकात वेगळं काय? एकच गोष्ट. ते शेवटचं होतं. म्हणून आज शेवटचं भोक दुसरीकडे नेलं. पेट्रोल त्याच्या मागोमाग आलं."

"शेवटच्या भोकाआधी तुम्ही काय करता?" सूनबाईने टापटीपला विचारलं.

टापटीप पांढराफटक पडला होता. "गिरमिटात पेट्रोल भरतो. शेवटचं भोक पाडताना बंद पडलं तर पातं आत अडकतं, म्हणून तिथे भरतोच. पण डबा लांब ठेवतो. भरताना घातलेले मोजे फेकतो. नवे घालतो. बाई, शपथेवर सांगतो, माझे हात स्वच्छ असतात."

"तिथेच माझं घोडं अडलंय," पुन्हाबाई म्हणाल्या. "आत्ता मी डोळ्यांत तेल घालून पाहत होते. मोजे खरंच नवे होते. पेट्रोल भोकापर्यंत पोचतं कसं ते मला दिसलं नाही."

आप्पा टापटीपकडे बघत होते. टापटीप कावराबावरा होऊन हात पुसायला लागला होता, आणि त्यासाठी त्याचा हात पँटच्या मागच्या खिशाकडे गेला होता.

आप्पांचाही हात त्याच क्षणी आपल्या मागच्या खिशावर होता.

"फडकं," आप्पा म्हणाले. "पेट्रोल भरलं की डब्याचं तोंड पुसायचं, सांडलेलं टिपायचं आणि फडकं परत मागे खोचायचं. पंपावर आम्ही सगळे तेच करायचो. हात आपोआप जातो, डोक्याला विचारत नाही. मग मोजे बदललेस तू. आणि पातं कशाने पुसलंस रे?"

टापटीपने फडकं बाहेर काढलं. पांढरंशुभ्र, त्या सकाळीच धुऊन आणलेलं, चार घड्या घातलेलं. कुणीही त्याला स्वच्छ म्हटलं असतं. पुन्हाबाईंनी यंत्र त्याच्याजवळ नेलं, आणि यंत्र असं किंचाळलं की पलीकडच्या गॅरेजातून मांजर परत पळालं.

"इतका स्वच्छ नसतो तर पातं पुसलंच नसतं मी," टापटीप अगदी बारीक आवाजात म्हणाला.

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "गबाळ्या माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती."

६

नव्या फडक्याने, पेट्रोलचा डबा पार रस्त्यापलीकडे ठेवून, फाटकाजवळची आणि कोपऱ्यातली माती बाईंच्या देखत परत घेतली गेली. स्वच्छ. काही दिवसांनी प्रयोगशाळेनेही तेच कळवलं. पण आप्पांना त्याची वाट बघावी लागली नाही. त्यांची सुटका त्या सकाळीच झाली होती.

पुन्हाबाई निघताना त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"किती टाक्या?"

"चार. लाल, पिवळं, हिरवं, निळं. निळ्याची कडी मोडलेली."

"पुन्हा?"

"चार," आप्पा म्हणाले आणि मोठ्याने हसले. कित्येक दिवसांत घरच्यांनी ते हसू ऐकलं नव्हतं. बाईंनी मान डोलावली आणि गमबूट आपटत निघून गेल्या. गॅरेजवाल्याने भिंतीवरून विचारलं, "आप्पा, चहा घेणार का?" आणि आप्पा हो म्हणाले.

मुलगा बराच वेळ घुटमळत होता. माफी मागणं त्याच्या रक्तात नव्हतं. ते त्याने आप्पांकडूनच घेतलं होतं. शेवटी त्याने खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि आप्पांच्या तळहातावर ठेवली. "डॉक्टरांना नको म्हणून कळवू का?"

"कशाला? जाऊ की," आप्पा म्हणाले. "दूध दोनदा आणलं ते खरंच आहे. विचारू त्यांना त्याचं काय करायचं ते. पण टाक्यांचं विचारायचं नाही."

सूनबाई तोवर मागच्या कोपऱ्यात जाऊन उभी होती. पायातल्या चपला काढून ती तांबड्या मातीवर अनवाणी उभी राहिली, इकडे तिकडे पाहिलं आणि हाक मारली.

"आप्पा, पोरांना खेळायला वाळूचा हौद करायचाय. कुठे करू? सावली कुठे असते ते तुम्हालाच माहीत."

आप्पा तिच्याजवळ गेले. भिंतीची सावली त्यांनी डोळे भरून पाहिली. तिच्यात कुठलंही झाकण नव्हतं.

"इथेच कर," ते म्हणाले. "तू उभी आहेस तिथेच."

सूनबाईने खाली वाकून तिथे एक वीट ठेवली. तिने पुन्हा विचारलं नाही.